कपाट एकदम रिकामं करू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. घरात इतका पसारा झालाय की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. गेल्या महिन्यात खास सुट्टी काढली, सकाळी उठून बेडरूमचं अख्खं कपाट पलंगावर ओतलं. संध्याकाळ झाली तरी अर्धंसुद्धा झालं नव्हतं, झोपायला जागा नाही म्हणून रात्री अकरा वाजता सगळं परत आत कोंबलं आणि रडायला आलं. असं दुसऱ्यांदा झालंय. नवरा म्हणतो टाकून दे सगळं, पण त्याच्या स्वतःच्या जुन्या वायरींच्या खोक्याला हात लावू देत नाही. नोकरी सांभाळून हे कसं जमवू? मलाच एवढा थकवा का येतो?

उत्तर : पलंगावर ढीग ओतला ना, तिथेच गाडी अडली. एका कपाटात सहज दोनशे वस्तू निघतात आणि प्रत्येक वस्तू एक प्रश्न विचारते, ठेवू का, कुणाला देऊ का, दुरुस्त होईल का, बारीक झाल्यावर होईल का. दुपारपर्यंत आपण नीट उत्तरं देतो, नंतर डोकं दमतं आणि मग प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर येतं, असू दे. हात दमले तर माणूस पाच मिनिटं टेकून परत उठतो पण निर्णय घेऊन घेऊन दमल्यावर तसं होत नाही हो.

म्हणून माझा नियम एकच, जेवढं आत्ताच्या आत्ता जागेवर लावून होईल तेवढंच बाहेर काढायचं. कपाट नाही, कप्पा. कप्पा मोठा वाटला तर अर्धा कप्पा. मोबाईलवर वीस मिनिटांचा टायमर लावा, पंधरा मिनिटं निवडायचं, शेवटची पाच मिनिटं फक्त उचलून ठेवायला. टायमर वाजला की थांबा, उत्साह असला तरी थांबा, कारण आज दोन तास केलं की उद्या त्या कपाटाकडे बघायचीपण इच्छा होत नाही.

पहिला आठवडाभर कुठलाही अवघड निर्णय घेऊच नका. फक्त उघड उघड कचरा उचला, सुकलेली पेनं, फाटकी पाकिटं, रिकाम्या बाटल्या, ज्यांच्यावरची शाई उडून कोरी झालीयेत अशा दुकानाच्या पावत्या. तारीख उलटलेली औषधं मात्र बेसिनमध्ये ओतू नका, औषधांच्या दुकानात विचारा कुठे जमा करता येतात ते.

मी स्वतः सुरुवात केली ती टीव्हीखालच्या ड्रॉवरपासून. अकरा चार्जर, चार किल्ल्या, एक जुना फोन. एकेक चार्जर लावून बघितला, जो चालला त्यावर चिकटपट्टी लावून कशाचा आहे ते लिहिलं, सात निघून गेले. किल्ल्या घेऊन घरातली सगळी कुलपं फिरले, दोन कशालाच लागल्या नाहीत, त्यातली एक आम्ही आधी राहायचो त्या घराची होती. ती हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले, ड्रॉवर त्या दिवशी तसाच राहिला. फोनची बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलेलं होतं. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही आणि रोजच्या कचऱ्यात तर अजिबात टाकायची नाही, आग लागू शकते. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

टाकवत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. १९९० साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान, अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, वर्गातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना एकेक कॉफीचा मग दिला आणि विचारलं कितीला विकाल, बाकीच्यांना विचारलं कितीला घ्याल. मगवाल्यांनी साधारण दुप्पट किंमत सांगितली, आणि तो मग त्यांच्याकडे येऊन फार वेळही झालेला नव्हता! तर आपल्या कपाटात दहा वर्षं असलेल्या ड्रेसचं काय होणार. म्हणून "टाकू का" असं विचारूच नका, "हे माझ्याकडे नसतं तर आज विकत आणलं असतं का" असं विचारा, उत्तर बरंच लवकर येतं. तरीही अडलं तर एका खोक्यात घाला, वर आजची तारीख लिहा, सहा महिन्यांत शोधायची वेळ आली नाही तर द्यायला काढा. फोटो, पत्रं, मुलांची चित्रं यांना सगळ्यात शेवटी हात लावा. आणि डबे, ऑर्गनायझर असलं काही आधी आणू नका, काय उरणार आहे तेच माहीत नसताना डबे म्हणजे अजून पसारा.

द्यायच्या वस्तूंची पिशवी चपलांशेजारी ठेवा आणि त्याच आठवड्यात घराबाहेर काढा, नाहीतर त्यातल्या वस्तू एकेक करून परत आत येतात, माझ्याकडे आल्यात.

थकव्याचं विचारलंत. अमेरिकेत सॅक्सबी आणि रेपेटी या दोघी मानसशास्त्रज्ञांनी नोकरी करणाऱ्या जोडप्यांना त्यांचं घर दाखवत बोलायला सांगितलं, २०१० साली तो अभ्यास छापून आला. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट कामं हे जास्त होतं त्यांच्यात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित हार्मोन, दिवसभरात जसं उतरत जायला हवं तसं उतरत नव्हतं. पसाऱ्यामुळेच असं झालं हे त्यावरून ठरत नाही, पण घरी पाऊल टाकल्यावर तुम्हाला जे जड वाटतं ते मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका.

नवऱ्याच्या वायरींना हात लावू नका. त्याला न विचारता एक जरी वायर गेली तरी तो पुढची प्रत्येक वस्तू धरून बसेल. त्याला फक्त त्या खोक्यासाठी एक जागा ठरवून द्या, मावेल तेवढं त्याचं.

आणि बेडरूमचं कपाट सध्या बंदच राहू दे. आज रात्री एकच ड्रॉवर काढा, सगळ्यात छोटा, ज्यात काय आहे हे तुम्हालाच आठवत नाही तो.