बायोडाट्यात ‘जनरल स्टोअर्स’ लिहू का?

दारव्ह्याकडच्या एका गावातून २७ वर्षांच्या मुलाचं पत्र आलं आहे. वडिलांचं अंत्यविधीच्या साहित्याचं दुकान आहे. बांबू, कामट्या, कोरं कापड, मडकं, गोवऱ्या, राळ, कापूर सगळं मिळतं, शीतपेटीही भाड्यानं देतात. तिरडी बांधण्यापासून सरण रचण्यापर्यंत बापलेकच करतात. चार स्थळांनी धंदा ऐकून नकार दिला. आता मामानं बायोडाट्यात ‘जनरल स्टोअर्स’ लिहून एका घरी पाठवला आणि रविवारी मुलगी पाहायला जायचं आहे. ‘मावशी, खोटं बोलू का? की दुकानच बंद करू?’

बाळ, खोटं बोलू नको. रविवारची वाटही पाहू नको. मुलीच्या वडिलांना आजच फोन कर, आणि तो मामाला करायला लावू नको. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात रात्री दोन वाजता कुणीतरी दार ठोठावेल, तेव्हा त्या पोरीनं काय समजायचं?

त्या चार घरांचा तुला राग आला असेल. मी त्यांच्यातलीच एक होते, म्हणून सांगते. माझे सासरे श्रावणात गेले. तीन दिवसांची झड, पांदणीत गुडघाभर चिखल, मोक्षधामाला शेड नाही. घरात दहा पुरुष, पण तिरडीची गाठ एकालाही मारता येईना. लाकूड ओलं. तालुक्याहून एक माणूस ट्रॅक्टरवर ताडपत्रीखाली कोरडं लाकूड घेऊन आला. मला म्हणाला, ‘वहिनी, तुमी आत बसा, लाकडाचं मी पायतो.’ एरवी तीनएकशे किलोत भागतं, त्यानं पाऊस पाहून बरंच जास्त आणलं होतं. सरण धरेपर्यंत तो आणि त्याचा पोरगा वर टिनपत्रा धरून उभे होते म्हणे. गुरुदेव सेवा मंडळाची माणसं भिजत खंजिरीवर भजन म्हणत होती. पुढं वर्षभरानं तोच माणूस मला बाजारात दिसला, आणि मी तोंड फिरवलं. सणाचा दिवस होता, अपशकुन नको म्हणून. ते मला अजून सलतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

दुकान बंद करायचं म्हणतोस, पण कामाचा कंटाळा आला असं पत्रात कुठंच नाही. लहान मुलाची माती असली की दोन दिवस जेवण जात नाही, एवढं मात्र लिहिलंस. ते वडिलांना सांग. त्यांनाही तसंच होत असणार, फक्त घरात त्यावर कधी बोलणं झालं नसेल. सरणाच्या कामाला मदतीला एखादा माणूस धरा. एका घरातल्या दोघांनीच किती वर्षं सोसायचं?

उधारीच्या वहीबद्दलही लिहिलंस. मातीच्या दिवशी पैसे मागू नयेत हा वडिलांचा नेम बरोबर आहे, मोडू नको. पण तेरवी झाल्यावर त्या घरी जा आणि आधी त्यांच्या कामाचं बोल. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत केली का, विचार. दाखला नसला की सातबाऱ्यावर वारस चढवताना आणि विधवेच्या पेन्शनला अडतं. घर दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि गेलेला कर्ता माणूस १८ ते ५९ वयाचा असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत एकरकमी २०,००० रुपये मिळतात. अर्ज तहसीलमध्ये करायचा. कित्येकांना हे ठाऊकच नसतं. उधारीचं त्यानंतर काढ, हप्ते पाडून दे. तरीही ज्याला जमणार नाही त्याचं पान फाडून टाक, आणि ज्याच्या अंगणात ट्रॅक्टर उभा आहे त्याच्याकडून पूर्ण पैसे घे.

फोननंतर मुलीकडच्यांनी बोलावलंच, तर मुलीशी दहा मिनिटं एकटं बोलायला माग. रात्रीचे फोन, दिवाळीच्या दिवशीही उठून जावं लागणं, घरात शिरण्याआधी अंगणातच आंघोळ करायची तुझ्या आईची शिस्त, सगळं तिला सांग. मग तिला विचार, तिला कशाची भीती वाटते. ती बोलत असताना मध्ये बोलू नको.