बेस वाजला की अॅम्प बंद पडतो? कपॅसिटर घेण्याआधी व्होल्टेज कुठे पडतं ते मोजा

तुम्ही निपाणीहून विचारलंय की वूफर जोरात वाजला की हेडलाइट मंद होतात, अॅम्प (वूफरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर) क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होतो, नवी बॅटरी टाकूनही तेच, आणि आता दुकानदार कपॅसिटर (वीज साठवून गरजेला झटकन देणारा भाग) लावा म्हणतोय, लावू का? आत्ता लावू नका. बेळगावात मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. काहीही न मोजता एकामागून एक सामान बदललेल्या गाड्या सारख्या येतात, आणि लोकांचे पैसे असे गेलेले बघून मला खरंच वाईट वाटतं.

आधी कपॅसिटरचं गणित बघा. 500 वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणारे वॉट) क्लास एबी प्रकारचा अॅम्प पूर्ण जोरात 60 अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. 1 फॅरडचा (फॅरड म्हणजे कपॅसिटरच्या साठ्याचं माप) कपॅसिटर 14 वरून 13 व्होल्टवर येईपर्यंत तेवढा करंट सेकंदाच्या साठाव्या भागापुरताच देऊ शकतो. 40 हर्ट्झच्या बेसचं एक आवर्तनसुद्धा तेवढ्यात पुरं होत नाही.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हेडलाइट. दोष फक्त डिकीपर्यंत गेलेल्या वायरीत किंवा अॅम्पच्या अर्थिंगमध्ये (मायनस वायर बॉडीच्या पत्र्याला जोडतात तिथे) असता, तर अॅम्प बंद पडला असता पण लाइट सहसा हलले नसते. लाइटही मंद होतात म्हणजे व्होल्टेज बॉनेटखालीच पडतंय. म्हणून सुरुवात तिथून करा.

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर 12.6 च्या आसपास दिसायला हवं, 12.2 म्हणजे ती जेमतेम अर्धी भरलेली आहे. इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.4. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरचं (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचं) व्होल्टेज मुद्दाम उतरवतो, तेव्हा हेडलाइट लावूनच मोजा. मग मोबाइलवरून 50 हर्ट्झचा टोन नेहमीच्या आवाजात लावा. गाण्यावर मीटरचा आकडा ठरत नाही, टोनवर ठरतो. पण टोन काही सेकंदच ठेवा, नाहीतर वूफरची कॉइल तापते. टोन चालू असताना बॅटरीवरच 12.5 च्या खाली आलं तर अल्टरनेटर पुरत नाही. रेस दिल्यावर सुधारलं तर आयडलला, एसी आणि लाइट चालू असताना, तो कमी पडतोय. रेस देऊनही तेच राहिलं तर बेल्ट, अल्टरनेटर आणि त्याची बॅटरीकडे येणारी जाड वायर तपासा.

आणि बॅटरीवर आकडा चांगला असूनही लाइट मंद होत असतील, तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीला लावा, क्लॅम्पला नव्हे, आणि दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्याला. टोन चालू असताना 0.1 ते 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर मायनसची पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब आहे. आपल्याकडे हे नेहमीचं. कणकुंबी, चोर्ला घाटाकडे पावसाळाभर फिरणाऱ्या गाड्यांत तर जास्तच: वरून बोल्ट घट्ट दिसतो, आणि काढला की थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) तपकिरी गंजाची चकती निघते. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा, वरून ग्रीस लावा.

बॉनेटखालचं नीट झाल्यावर डिकीकडे या. मीटरच्या एका टोकाला पाचेक मीटर साधी वायर जोडा. मीटर करंट जवळपास ओढतच नाही, त्यामुळे बारीक वायर चालते. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं अॅम्पच्या प्लस टर्मिनलला, आणि टोन लावा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत गेले. अर्ध्या व्होल्टच्या वर सोडून देऊ नका. 8 गेजची (गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड) खऱ्या तांब्याची 5 मीटर वायर 60 अँपिअरला सुमारे 0.6 व्होल्ट खाते, 4 गेजची पाव व्होल्ट. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनिअम असतं, ते साधारण दीडपट खातं. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली की समजा. अॅम्पच्या मायनस टर्मिनलवर आणि शेजारच्या पत्र्यावर हीच चाचणी करा. अर्थिंगसाठी सीट बेल्टचा बोल्ट मात्र कधीच वापरू नका, तो जीव वाचवण्यासाठी आहे.

अॅम्प बंद पडतो त्या क्षणी त्याच्या टर्मिनलवर किती व्होल्ट आहेत तेही बघा. बरेच अॅम्प 10 च्या आसपास आले की स्वतःला बंद करतात. तिथे 12 च्या वर असूनही बंद पडत असेल तर वीज दोषी नाही. स्टिरिओकडून येणारी, अॅम्पला चालू करणारी निळी रिमोट वायर तपासा, आणि वूफरचा ओहम (रोध) अॅम्पला चालतो त्यापेक्षा कमी नाही ना ते बघा.

अजून एक, आणि हे कळकळीने सांगतो: बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत, वायरीला झेपेल तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज असलाच पाहिजे. फ्यूज उडतो म्हणून तिथे तार गुंडाळलेली असेल, तर बाकी काही करण्याआधी ती काढा. पत्र्याला घासून त्या वायरीचं इन्शुलेशन गेलं तर गाडी पेटते.

बॅटरीवर, अॅम्पवर, प्लसच्या वाटेत आणि मायनसच्या वाटेत, असे टोन चालू असतानाचे आकडे इथे लिहा, सोबत गाडीचं मॉडेल आणि अॅम्पचे वॉट. मग कुठली वायर बदलायची ते नेमकं सांगतो.