काउंटरवाला म्हणाला तरी 'कॅन्सल' स्वतः दाबू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. दुसऱ्यांदा बायकोला मोठ्याने वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "हे तुम्हीच दुसऱ्या नावाने लिहिलंय का?" 'दशावतार' हा मराठी सिनेमा आवडला म्हणून हुरूप आला, मैत्रिणींबरोबर 'साबर बोंडं'ची (नाव निवडुंगाच्या फळांवरून) चार तिकिटं काढली, थिएटरला पोचल्यावर कळलं की शो रद्द, काउंटरवरच्या मुलाने भलत्याच सिनेमाला बसवलं आणि तो डोक्यात गेला. आता तुमचे दोन प्रश्न आहेत. पैसे परत मिळतील का? आणि त्या सिनेमाला 'टुकार' म्हटल्यावर लोक तुटून पडलेत, तर आपल्याला सिनेमा कळत नाही का?

तिकीट कसं काढायचं, ॲपवर कुठे काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात शिरत नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, मी समीक्षकही नाही आणि वकीलही नाही. सहकारी बँकेत कॅशला बसतो, महिन्याला दोन-तीन सिनेमे बघतो, रात्री घरी येऊन चार ओळी खरडतो. तेव्हा खालचं सगळं एका प्रेक्षकाचं म्हणणं समजा.

2025च्या मार्चमधली गोष्ट. 'स्थळ' 7 मार्चला लागला होता. आमची आई वरोऱ्याची, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातली, आणि गेली पन्नास वर्षं नाशकात राहूनही बोलते तिकडचंच. सिनेमा तिकडच्या गावातला, तिकडच्या बोलीतला, कापूस पिकवणाऱ्या घरातल्या सविता नावाच्या पोरीला एकामागून एक पाहुणे बघायला येतात त्याची गोष्ट, आणि कामं केलेली माणसंही बरीचशी तिकडचीच, पडद्यावर पहिल्यांदा आलेली. आईला सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "मले ने." ती स्वतःहून सिनेमाला चल म्हणाली असं मला तरी आठवत नाही.

आणि मी काय केलं? म्हटलं, थांबू जरा, लोक काय म्हणतात बघू, दुसऱ्या रविवारी निवांत जाऊ. ही माझी पहिली माती. मराठी सिनेमाला दुसरा रविवार नसतो हो! नव्या आठवड्याचे शो बुधवार-गुरुवारी ॲपवर उघडतात, तेव्हा बघितलं तर अख्ख्या नाशकात मला सोयीचा एकच शो उरला होता, मंगळवारी सकाळी सव्वादहाचा. मी रजा टाकली. आई, मावशी, बायको आणि मी, चार तिकिटं. 920 रुपये आणि वर त्यांचं ते कन्व्हिनियन्स शुल्क. (सोय कोणाची, हा प्रश्न मी दरवेळी विचारतो.)

पोचलो पावणेदहाला. मल्टिप्लेक्सचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. काउंटरवर एक पोरगा, झोपेतून उठून आल्यासारखा. म्हणाला, "सर, हा शो लागणार नाही, चारच बुकिंग आहेत." मी म्हटलं, ही चार तर आमचीच आहेत, आणि आम्ही आलोय. तो म्हणाला, सिस्टिममध्ये टेक्निकल इश्यू दाखवतोय. दोन वाक्यांत दोन कारणं. मॅनेजर कुठे आहेत? अकराला येतात. मग पैशांचं काय? तेव्हा त्याने अगदी मदत केल्यासारखं सांगितलं, "तुम्ही ॲपवरून कॅन्सल करून टाका ना सर, पैसे येतील. आणि तिकडे अकरा-वीसला हिंदी आहे, त्याची काढा. नाहीतरी आलाच आहात."

मी कॅन्सल दाबलं. ताई, हीच ती चूक, आणि तुम्हीही तीच केली असावी अशी मला दाट शंका आहे. शो थिएटरने रद्द केला की नोंद त्यांच्या नावावर पडते आणि पैसे शुल्कासकट आपसूक परत येतात. माझ्या साडूला तसे आठवड्याच्या आत आलेही आहेत. पण बटण आपण दाबलं की सिस्टिमच्या लेखी आपणच मन बदललं, आणि मग कपातीचा तक्ता लागू होतो. मला 460 परत आले, शुल्क गेलं ते गेलंच. बँकेत इतकी वर्षं मी ग्राहकांना सांगत आलोय की व्यवहार आमच्या बाजूने फसला असेल तर तुम्ही उलटी नोंद करू नका, आधी आम्हाला करू द्या. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा एका पोराच्या 'करून टाका ना सर'ला भुललो.

नंतरची टोलवाटोलवी तुम्हाला अंदाजाने कळेल. ॲपवाले म्हणाले, तिकीट तुम्ही रद्द केलंय, थिएटरशी बोला. थिएटरवाले म्हणाले, बुकिंग ॲपचं आहे, ॲपशी बोला. मी अकरा मेल लिहिले, मोजून. प्रत्येक उत्तरात 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' आणि खाली नवीन तक्रार क्रमांक. शो खरंच रद्द झाला होता याचा पुरावा मागितला गेला आणि माझ्याकडे तो नव्हता. काउंटरमागच्या स्क्रीनचा एक फोटो काढायला काय झालं होतं मला! मावशीने काढलेले आमच्या चौघांचे, पोस्टरसमोरचे फोटो आहेत बघा सहा.

शेवटी कंटाळून सोडून दिलं. तुम्ही सोडू नका. तुमच्या गोष्टीला दहाच दिवस झालेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915 नंबर, फोन लावा. शो रद्द झाल्याचा एसएमएस किंवा फोटो कोणाकडे असेल तर जपून ठेवा, चौघींपैकी कोणीतरी काढलाच असेल. मिळतीलच असं छातीठोक सांगत नाही, माझ्यापेक्षा तुमची बाजू बरी आहे एवढंच.

आता दुसरा प्रश्न, आणि मला विचाराल तर हाच मोठा. त्या दिवशी अकरा-वीसच्या हिंदी सिनेमाला आम्ही बसलो. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हती. मारधाड, रक्त, आवाज असा की मावशीने पदराचे बोळे करून कानात घातले. आईने मध्यंतरानंतर डोळेच मिटून घेतले. मी दर दहा मिनिटांनी मोबाइलवर पैसे आले का बघत होतो. आणि रात्री घरी येऊन मी त्या सिनेमाला असा काही धुतला की विचारू नका. एक तारा. 'दिग्दर्शकाने तिकिटाचे पैसे परत द्यावेत' असंही लिहिलं होतं, म्हणजे बघा राग कोणाचा आणि काढला कोणावर. जूनमध्ये तोच सिनेमा घरी टीव्हीवर बघितला. थोर नाही, पण बरा आहे की! मधली वीस मिनिटं तर चांगलीच जमलीत. ती पोस्ट मी काढून टाकली.

म्हणून तुम्हाला सिनेमा कळत नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही तो सिनेमा बघितलाच नाही, असं म्हणेन. तुम्ही एक रद्द झालेला शो बघितलात, अडीच तास. तिथे तुटून पडलेल्यांना हे सांगा आणि गप्प बसा. 'मला आवडला नाही' म्हणायला कुठली पदवी लागत नाही, पण कुठल्या अवस्थेत बघितला तेही लिहावं, असं माझं मत झालंय. मी आता माझ्या चार ओळींत पहिली ओळ तीच लिहितो: कितीचा शो, थिएटरात किती माणसं, सोबत कोण.

त्या हिशोबाने, तुम्ही नावं घेतलीत म्हणून माझंही सांगतो. 'दशावतार' शनिवारी रात्री, थिएटर भरलेलं, पुढच्या रांगेत मालवणी बोलणारं एक मोठं कुटुंब. एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर दशावतारी नट बाबुली मेस्त्री म्हणून उभे राहतात तेव्हा माणूस सगळं माफ करतो. चेहऱ्याला रंग लावायला बसतात ती दृश्यं मी पुन्हा पैसे देऊन बघेन. उत्तरार्ध मात्र भाषणबाजीकडे झुकतो, गावात खाण नको हे मला पहिल्या अर्ध्या तासातच पटलं होतं. पण पुढचं कुटुंब प्रत्येक वाक्याला टाळ्या देत होतं, आणि त्यांच्या गावची गोष्ट आहे तर मी कोण बोलणार. हाच सिनेमा मंगळवारी सकाळी एकट्याने बघितला असता तर मी अर्धा तारा नक्की कापला असता.

'आता थांबायचं नाय' मेमध्ये बँकेतल्या शिपायांना घेऊन बघितला. मुंबई महापालिकेचे चतुर्थश्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावी होतात. ठरल्या वाटेने जातो, पण आमचा एक शिपाई शेवटी उठेचना, त्यामुळे मी त्याच्याबद्दल तटस्थ बोलू शकत नाही. त्याच दिवशी, 1 मेला, 'गुलकंद'ही लागला होता आणि अजय देवगणचा 'रेड 2'सुद्धा. 2025च्या 12 सप्टेंबरला तर 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी सिनेमे एकाच शुक्रवारी आले. आपल्याच आपल्यात तिकिटं कापायची आणि मग प्रेक्षक येत नाही म्हणून गळे काढायचे. निर्मात्यांनी कॅलेंडर बघावं, एवढं कळायला चित्रपट महामंडळ लागत नाही. आणि सरकारचं म्हणाल तर 2015 साली मल्टिप्लेक्सने मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवावा असं ठरलं, मग ओरड झाली आणि प्राइम टाइमच दुपारी बारापासून सुरू झाला. दुपारी बाराला नोकरदार माणूस कुठे असतो हे मंत्रालयात कोणाला विचारावंसं वाटलं नसावं. असो. रक्तदाब वाढतो.

जाता जाता दोन फुटकळ गोष्टी. प्यायचं पाणी थिएटरने फुकट द्यायलाच हवं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये बाहेरचे पदार्थ अडवायचा हक्क त्यांना दिला, पण पाणी फुकट ठेवा असंही बजावलं. कोपऱ्यात कुठेतरी यंत्र असतं, ते दाखवत नाहीत, विचारा. आणि 22 सप्टेंबर 2025पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 12चा 5 टक्के झालाय. त्याच्या वर 18च आहे. शंभरात मल्टिप्लेक्सचं तिकीट मिळालं तर मलाही कळवा.

'साबर बोंडं'साठी मी शहाणा झालो होतो. 19 सप्टेंबरला लागला, आम्ही 20 तारखेला संध्याकाळी, दुसऱ्या थिएटरात. निघायच्या आधी ॲपवर बघून घेतलं, चौदा जागा भरल्या होत्या. दहा-बारा भरलेल्या दिसल्या तरच मी आता घर सोडतो, चारच दिसल्या तर आधी थिएटरला फोन. आईला न्यायला वेळ लागला, कारण मार्चपासून तिचं एकच पालुपद, "त्या दुकानात मले नाही यायचं परत." 'स्थळ' तिने बघितलाच नाही. मी नंतर एकटा ठाण्याला भाचीकडे गेलो असताना बघून आलो आणि जेवताना तिला गोष्ट सांगितली. सुरुवातीला सगळं उलटं असतं, बाया बसलेल्या आणि मुलाला प्रश्न विचारतायत, हे सांगितल्यावर ती इतकी हसली की ठसका लागला. मग एकेक विचारत गेली. पोरीले उंची विचारली का? रंगाचं बोलले का? शेवटी ताटातला भात चिवडत म्हणाली, "माह्या वेळी अंगणातून चालून दाखवाले लावलं होतं. दोनदा."

'साबर बोंडं' तुम्ही अजून बघायचाय, म्हणून कथा फोडत नाही. बाप गेल्यावर मुंबईहून गावी आलेला मुलगा, सुतकाचे दहा दिवस, आणि लहानपणचा दोस्त बाल्या, एवढं पोस्टरवरूनही कळतं. लोक हळू आहे म्हणतील. हळू आहेच, कॅमेरा जागचा हलत नाही, पण सुतकाच्या घरात दहा दिवस घालवलेत का कधी? तिथे घड्याळही जागचं हलत नाही. घाईत असाल, पोटात भूक असेल, कोणाच्या फोनची वाट बघत असाल तर त्या दिवशी जाऊ नका. आईला दोन पुरुषांचं प्रेम कसं वाटेल म्हणून मी तीन दिवस काळजीत होतो. ती रिक्षात बसल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. द्वारका सर्कलला म्हणाली, "बोंडं खाल्ली का जीभ लालभडक होते. काटे लय असतात, लहानपणी बोटातून काढत बसायचो." आणि मग घराजवळ, "पोट्टा जीव लावते."

आता हे वाचून झालं की ॲपमध्ये जुनी बुकिंगं उघडा आणि त्या तिकिटापुढे रद्द कोणी केलं म्हणून लिहिलंय ते बघा. तुमचं नाव असेल तर 1915ला काय सांगायचं ते वेगळं, थिएटरचं असेल तर वेगळं. बघून इथेच सांगा. कॅश चारला बंद होते, त्यानंतर मी असतो.