दुबईला जाऊ दे, पण व्हिजिट व्हिसावर नको

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र आणि सोबतचे तीन फोटो मिळाले. पत्र दोनदा वाचलं. मुलगा २१ वर्षांचा, एसएसएलसी म्हणजे दहावी पास, बेळगावात आयटीआयचा वेल्डर ट्रेड केलेला आणि गेली दोन वर्षं उद्यमबागच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये महिना १४ हजारांवर कामाला. नात्यातल्या ओळखीनं एक एजंट आला. दुबईला वेल्डरचं काम देतो, एकूण १ लाख २० हजार लागतील, निम्मे या महिनाअखेर द्या, म्हणतोय. सध्या ६० दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर जायचं आणि "तिथं पोचल्यावर कंपनी पक्कं करून घेते". घरच्यांचं म्हणणं जाऊ दे. तुम्ही बचत गटाचं कर्ज आणि तुमची बोरमाळ यांचा हिशेब मांडून बसलाय आणि मला विचारताय, पाठवू की थांबवू?

पाठवा. पण या एजंटाबरोबर, या कागदावर आणि या व्हिसावर पाठवू नका.

आधी व्हिसाचं सांगतो, कारण सगळी गोम तिथं आहे. व्हिजिट व्हिसा हा फिरायला जाणाऱ्याचा, पाहुण्याचा व्हिसा. त्यावर तिथं काम करणं हा यूएईच्या, म्हणजे दुबई ज्या देशात आहे त्याच्या, कायद्यानं गुन्हा आहे. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर १ लाखापासून १० लाख दिरहमपर्यंत दंड होऊ शकतो. दंड मालकाला असला तरी धाड पडली की पळापळ कामगाराचीच होते. मुदत संपल्यावर राहिलेल्या प्रत्येक दिवसाला ५० दिरहम दंड त्याच्या नावावर चढत जातो. आणि पगार थकला तर? तक्रार करायची म्हणजे 'मी बेकायदा काम करत होतो' हे आधी स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं. म्हणून पोरं गप्प राहतात आणि पगार बुडवणाऱ्याला तेच हवं असतं.

माझ्याकडे येऊन गेलेला एक मुलगा असाच गेला होता. जाण्याआधी मला विचारायला आला होता, पण एजंटाला पैसे देऊन झाल्यावर. तीन महिन्यांनी रात्री अकराला त्याचा फोन आला. आवाज अगदी खाली, कारण खोलीत आठ जण झोपलेले. म्हणाला, "सर, माझ्या व्हिसाची तारीख कधी संपते ते कसं कळेल?" मी म्हटलं, कागद बघ की. तर म्हणाला, "कागद आणि पासपोर्ट दोन्ही सुपरवायझरकडं. मागितला की उद्या देतो म्हणतो." व्हिसा संपून तेव्हा पाच आठवडे झाले होते. ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि हातात एका महिन्याचाच पगार पडला होता. २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत तिथल्या सरकारनं दंडमाफी दिली, त्यात तो सुटून घरी आला. पोरगा हुशार, कष्टाळू, तुमच्या मुलासारखाच. चुकला होता तो फक्त व्हिसा. म्हणून तुमच्या पत्रात 'व्हिजिट' हा शब्द दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला.

आता पासपोर्टचा फोटो. त्यावर ईसीआरचा, म्हणजे 'परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागेल' असा शिक्का नाही, कारण मुलगा दहावी पास आहे. एजंट तुम्हाला म्हणाला, "ईसीएनआर आहे, काही भानगड नाही." ईसीएनआर म्हणजे ती तपासणी लागत नाही. एजंटाचं हे वाक्य नीट समजून घ्या. आखाती देश, मलेशिया वगैरे धरून १८ देश असे आहेत, जिथं दहावी न झालेला कामगार नोकरीसाठी निघाला तर आपल्या सरकारचा प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स त्याचा करार, मालक आणि विमा तपासतो आणि मगच मंजुरी देतो. दहावी पास झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. म्हणजे तुमच्या मुलाच्या करारावर जाण्याआधी कुठल्याही सरकारी माणसाची नजर पडणार नाही. शिकलेला आहे, स्वतःचं स्वतः बघून घेईल, असं त्यात गृहीत धरलंय. आपल्या भागात मात्र दहावी पासचा कोरा पासपोर्ट मोठ्या कौतुकानं दाखवतात. कौतुक बरोबर आहे, पण तपासण्याचं काम त्यामुळे तुमच्यावर आलंय हे कोणी सांगत नाही. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर ईसीएनआरवाल्यालाही जाण्याआधी आपली आणि मालकाची नोंद करता येते. सक्ती नाही. तरी करून ठेवा.

त्याच पोर्टलवर एजंटाचंही बघता येतं. परदेशात माणसं पाठवायची तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली लायसन्स लागतं, मुलगा ईसीआर असो वा ईसीएनआर. लायसन्स असलेल्या एजंटांची यादी तिथं आहे आणि लायसन्स नसताना धंदा करणाऱ्यांची नावंही राज्यवार टाकलेली आहेत. तुमच्या माणसानं दिलेल्या व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोत नाव आहे, मोबाईल आहे, विमानाचं चित्र आहे, पण लायसन्स नंबर कुठंच नाही. "मुंबईच्या मोठ्या ऑफिसचा मी इकडचा माणूस" असं तो म्हणत असेल, तर लायसन्सवाल्यानं असे सब-एजंट नेमणं कायद्याला मान्य नाही. आणि फी? लायसन्सवाल्या एजंटानंही कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ३५ हजार ४०० घ्यायचे आणि पावती द्यायची. तुम्हाला १ लाख २० हजार सांगितलेत, तेही रोख.

नात्यातला माणूस आहे, नाही कसं म्हणायचं, असं तुम्ही लिहिलंय. अडचण कळते मला. खेड्यात एका 'नाही'पायी दोन लग्नांत बोलणं बंद होतं. म्हणून नाही म्हणूच नका. एवढंच म्हणा, "लायसन्स नंबर आणि मंत्रालयाची ऑफर आली की पैसे तयार आहेत." खरा असेल तो आणून देईल. नसेल तर हळूहळू त्याचे फोनच कमी होतील.

मंत्रालयाची ऑफर म्हणजे काय, तेही सांगतो. यूएईत कामगार मंत्रालयाला सगळे 'मोहरे' म्हणतात. कामाचा खरा व्हिसा निघण्याआधी कंपनीला या मोहरेच्या ठरलेल्या नमुन्यात ऑफर द्यावी लागते आणि त्यावर कामगाराची सही लागते. नमुना हिंदीतही असतो, त्यामुळे मुलाला स्वतः वाचता येईल. त्यावर नंबर असतो, तो मंत्रालयाच्या वेबसाइटवर तपासता येतो. पुढचा करार त्या ऑफरपेक्षा कमी पगाराचा किंवा वाईट अटींचा करता येत नाही. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोतला 'ऑफर लेटर' हा असला कागद नाही. कंपनीचं नाव, खाली फुकटातल्या जीमेलचा पत्ता आणि गोल शिक्का. असा शिक्का खडेबाजारात तासाभरात करून मिळतो.

तरी तो कागद मी ओळ न् ओळ वाचला, कारण खरी ऑफर हातात आली की तुम्हालाही अशीच वाचायची आहे. पगार १,८०० दिरहम लिहिलाय. दिरहम २३-२४ रुपयांचा धरला तर ४२ हजारांच्या आसपास. आकडा बघून डोळे दिपतात. पण खालची ओळ बघा: बेसिक ७००, बाकी ११०० अलाउन्स. ही ओळ एजंट कधीच वाचून दाखवत नाही. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी तिथं बेसिकवर मोजतात, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक. ७०० बेसिकवर ती वर्षाला ४९० दिरहम होते. तेवढ्याच पगारात बेसिक १,३०० असतं तर ९१० झाली असती. ओव्हरटाइमही बेसिकवरच निघतो, तासाच्या दरावर किमान पाव पट जादा धरून. कागदावर दिवसाला १० तास काम लिहिलंय आणि ओव्हरटाइमचा शब्द नाही. तिथला कायदा साधारणपणे ८ तासांचा आहे. म्हणजे रोजचे दोन तास फुकट.

शेवटून दुसरी ओळ सगळ्यात वाईट: 'व्हिसाचा खर्च पगारातून वळता केला जाईल.' यूएईचा २०२१ चा कामगार कायदा, जो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, तो भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मनाई करतो. मग तो आधी घेतलेला असो की पगारातून कापलेला. पासपोर्ट ठेवून घ्यायलाही त्याच कायद्यानं बंदी आहे. मुलाला हे पाठ करायला लावा: पासपोर्ट माझ्याजवळ राहील, हवी तर झेरॉक्स घ्या. हुज्जत घालायची नाही, आवाज चढवायचा नाही, पण सोडायचाही नाही. आणि पगार बँकेत किंवा सॅलरी कार्डावरच घ्यायचा. सरकारची वेतन यंत्रणा त्यावर लक्ष ठेवते. रोख दिलेल्याचा माग राहत नाही.

उघड्यावर काम असेल तर १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन काम बंद ठेवणं तिथं सक्तीचं आहे. आपल्या बेळगावच्या हवेत वाढलेल्या पोराला जुलैमधलं तिथलं ऊन आणि वर वेल्डिंगची धग म्हणजे काय हे इथं बसून कळणार नाही. ती सुट्टी त्यानं हक्कानं घ्यावी.

काही बिनसलंच तर भारतातून १८०० ११ ३०९० हा परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीचा टोल फ्री नंबर आहे. दुबईत आपल्या सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथला फुकट नंबर ८०० ४६३४२. आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरून तुम्हीही तक्रार टाकू शकता. हे नंबर मुलाच्या मोबाईलमध्ये नकोत. मोबाईल हरवतो, काढून घेतला जातो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि एक चिठ्ठी त्याच्या पाकिटात टाका.

आता त्याच्या धंद्याचं, कारण मला त्यातच जास्त रस आहे. दोन वर्षं तो ग्रिल, गेट, शेड करतोय. आर्क वेल्डिंग येतं, बरं येतं. पण तिकडे पैसा पाइप वेल्डिंगला आहे. ६जी ही टेस्ट त्याला विचारा, त्यानं नाव नक्की ऐकलं असेल. पाइप ४५ अंशांत तिरका पक्का बसवलेला असतो, फिरवता येत नाही. वेल्डरनंच त्याच्याभोवती फिरून, वाकून, खालून-वरून अखंड सांधा घ्यायचा. तो सांधा एक्स-रेमध्ये पास झाला की तेल, गॅस, जहाजबांधणी ही कामं उघडतात आणि पगाराची बोलणी करायला तुमच्या बाजूला काहीतरी असतं. वर्ष-सव्वा वर्ष टिग या बारीक कामाच्या वेल्डिंगवर आणि पाइपवर घालवलं तर तो २२-२३ व्या वर्षी जाईल, आणि ते काही उशिराचं वय नाही. अप्रेंटिसशिपही बघा. चोरला घाट उतरला की गोवा, आणि वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये अप्रेंटिस घेतात. जाहिरातीवर लक्ष ठेवायला सांगा. १ लाख २० हजार एजंटाला देण्याऐवजी त्यातला थोडा भाग या शिकण्यावर खर्च झाला तर तो पैसा त्याच्या हातातच राहील.

सरकारी वाटही आहे. कर्नाटक सरकारच्या कौशल्य विकास महामंडळाचं बंगळूरला इंटरनॅशनल मायग्रेशन सेंटर आहे, तेही परदेशी भरती करतं. प्रोटेक्टरचं ऑफिसही बंगळूरलाच आहे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी पोचता येतं. सरकारी म्हणजे वेळ लागणारच, पण रांगेत नाव घालून ठेवायला काय जातं?

एक बारीक गोष्ट फोटोत दिसली. पासपोर्टवर मुलाचं पूर्ण नाव 'गिव्हन नेम'मध्ये आहे आणि आडनावाची जागा रिकामी. सीमाभागात हे फार होतं. आपण घरी मुलाचं-वडिलांचं-आडनाव लिहितो, मार्कशीटवर कर्नाटकच्या पद्धतीनं इनिशियल लागतं, आधारवर तिसरंच, आणि पासपोर्टच्या वेळी फॉर्म भरणारा घाईत सगळं एकाच रकान्यात टाकतो. नोव्हेंबर २०२२ पासून यूएईनं पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर घेणं बंद केलंय. त्याच्या बाबतीत अडेल की नाही हे एका नजरेत सांगता येणार नाही, पण तिकीट काढून विमानतळावर कळण्यापेक्षा आता दुरुस्त केलेलं बरं. एजंटाच्या हे लक्षात आलेलं दिसत नाही, किंवा त्यानं पासपोर्ट नीट उघडूनच पाहिला नाही.

बोरमाळ कपाटातच राहू दे. बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय या महिन्यात काढू नका. येत्या रविवारी मी सकाळी दहा ते एक ऑफिसात आहे, मुलाला आणि त्याच्या वडिलांनाही घेऊन या. येताना एसएसएलसीची मूळ मार्कशीट, आयटीआयचं सर्टिफिकेट, आधार आणि पासपोर्ट आणा. नावाचं काम आधी मार्गी लावू. त्यानं वेल्ड केलेल्या एखाद्या सांध्याचा जवळून काढलेला फोटो असेल तर तोही मोबाईलमध्ये असू दे, मला बघायचाय.