वाचकांचे प्रश्न : गिलाव्यामागची जाळी

प्रश्न : आमचे नवे घर चिऱ्यांचे (जांभ्या दगडाचे) असून खांब आणि तुळया आरसीसीच्या आहेत. दुसऱ्याच पावसाळ्यानंतर बाहेरच्या गिलाव्याला प्रत्येक खांबाच्या दोन्ही कडांना ओळंब्यात धरल्यासारख्या सरळ भेगा पडल्या. आता सगळ्या भिंतीला चिकन मेश (षट्कोनी विणीची तारेची जाळी) ठोकून पुन्हा गिलावा करावा, असे गवंडी सुचवतात. तसे करावे काय? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : सगळ्या भिंतीला जाळी लावण्याचे कारण नाही. चिरा मुळातच खरबरीत आणि सच्छिद्र असतो. गिलाव्याला लागणारी पकड तो स्वतःच देतो. आपल्या भेगा खांबाच्या कडेलाच पडल्या आहेत, यातच दुखण्याचे कारण आले. काँक्रीट आणि चिरा हे दोन शेजारी उन्हात सारखे फुगत नाहीत, पाणी सारखे पीत नाहीत आणि वाळतानाही सारखे आकसत नाहीत. त्यांच्यावरून एकसंध फिरवलेला गिलावा नेमका त्यांच्या सांध्यावर ताणला जातो आणि तिथेच फाटतो. जाळी हवी ती त्या सांध्यावर. सांध्याच्या दोन्ही बाजूंना निदान १५० मिलिमीटर, म्हणजे एकूण सुमारे फूटभर रुंदीची जस्तलेपित पट्टी पुरते. त्या जाळीने ताण नाहीसा होत नाही, पण तो एका रेषेत न साचता पट्टीभर वाटला जातो, आणि ठळक भेगेऐवजी फार तर केसासारख्या रेघा उमटतात. पाया खचल्याने पडणारी तिरकी भेग मात्र कोणत्याही जाळीला आवरत नाही.

पट्टी लावली कशी जाते, हे आपण स्वतः उभे राहून पाहावे. गवंडी बहुधा जाळी भिंतीला चिकटवून, ताणून, खिळ्यांनी ठोकून मोकळा होतो. अशा जाळीच्या मागे मसाला जात नाही. ती गिलाव्यात न राहता गिलावा आणि भिंत यांच्या मध्ये राहते, आणि पकड देण्याऐवजी थर सुटा करते. वाळलेल्या गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकले की तिथे पोकळ आवाज येतो. म्हणून खांबाचा गुळगुळीत भाग आधी छिन्नीने टोचून खरबरीत करावा, त्यावर सिमेंट-वाळूचा पातळ छपका मारावा, आणि जाळी भिंतीपासून पाच-सहा मिलिमीटर सुटी राहील अशी वॉशर देऊन बसवावी. मसाला जाळीतून मागे गेला आणि पुढूनही जाळी झाकली गेली, म्हणजेच काम झाले. बाहेरच्या गिलाव्याला १:४ चा मसाला (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) आणि निदान सात दिवस पाणी, यात काटकसर नको.

प्रश्न : पोर्चच्या लोखंडी सांगाड्याला खालून सिमेंटचा गिलावा करून छत सपाट करायचे आहे. दुकानात जाळीचे एक्स्पांडेड मेटल आणि रिब लाथ असे दोन प्रकार दाखवले. कोणता घ्यावा? घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आहे. (एक वाचिका, पेडणे)

उत्तर : इथे प्रश्न वेगळा आहे, कारण गिलाव्यामागे भिंतच नाही, जाळी हीच भिंत. त्यामुळे षट्कोनी विणीची चिकन मेश इथे चालत नाही, ती ओल्या मसाल्याच्या वजनाने पोटासारखी खाली झोळते.

एक्स्पांडेड मेटल विणलेले नसते. पत्र्याला एकाआड एक काप देऊन तो ओढला की शंकरपाळ्यासारखी छिद्रे उघडतात, आणि पत्रा वाया न जाता त्याची जाळी होते. जॉन फ्रेंच गोल्डिंग यांनी १८८४ साली अमेरिकेत या युक्तीचे पेटंट घेतले. ओढताना प्रत्येक पट्टी थोडी तिरकी वळते. मसाला छिद्रातून पलीकडे गेला की तो या तिरक्या पट्ट्यांना मागून आकड्यासारखा अडकून वाळतो, आणि छताचा गिलावा खाली पडत नाही तो या आकड्यांमुळेच. ही जाळी प्रति चौरस मीटर सुमारे १.४ आणि १.८ किलो अशा दोन वजनांत मिळते. छताला १.८ चीच घ्यावी आणि आधाराच्या पट्ट्या ४०० मिलिमीटरपेक्षा दूर ठेवू नयेत. छिद्रांची लांब बाजू आधारांना आडवी यावी. तुकडे टोकाशी इंचभर एकमेकांवर चढवून तारेने बांधावेत. जिच्यावर ठरावीक अंतराने फुगीर टिंबे उठवलेली असतात ती जाळी घन पृष्ठभागावर लावायची असेल तर उपयोगी, कारण ती आपोआप पृष्ठभागापासून सुटी राहते. आपल्या मोकळ्या सांगाड्याला बिनटिंबांची चालेल.

रिब लाथला मधूनमधून इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उभ्या घड्या असतात. त्यामुळे ती ताठ राहते आणि ६०० मिलिमीटरपर्यंतचे अंतर पेलते. दुकानदार तिची शिफारस करतो ती यासाठीच, आणि घराच्या आतल्या छताला ती खरोखरच चांगली. बाहेर मात्र मी ती सुचवणार नाही. तिच्या घड्या मसाल्यात पूर्ण बुडत नाहीत, आणि उघडा राहिलेला लोखंडाचा भाग आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पहिल्यांदा गंजतो. किनाऱ्यावरच्या एका घरात मी स्वतः असा सुटलेला गिलावा उचलला, तेव्हा जाळीच्या जागी जाळी नव्हती. मसाल्यात तिचा ठसा आणि बोटाला लागणारी तांबडी पूड होती. आपल्याकडे निदान जाड जस्तलेपित जाळी हवी, आणि खर्च झेपत असेल तर स्टेनलेस स्टीलचीच. साधी लोखंडी जाळी आणू नये. वाळू खाजनातली (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली) किंवा समुद्रकाठची नाही, याची खात्री करावी, कारण त्या मिठापुढे चांगल्या जस्ताचेही काही चालत नाही.

प्रश्न : फायबरची पांढरी जाळी लोखंडी जाळीच्या जागी वापरता येईल काय? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : पातळ थरातल्या बारीक भेगांसाठी येईल, ती गंजत नाही. पण ती काचेच्या तंतूंची असते आणि सिमेंटच्या अल्कलीने साधी काच खाल्ली जाते, म्हणून अल्कलीरोधक लेप असलेली, प्रति चौरस मीटर १४५ ते १६० ग्रॅम वजनाची मागावी. पोर्चच्या छतासारखा भार तिच्यावर टाकू नये.

प्रश्न : आजोबांच्या घराच्या चिऱ्याच्या भिंतीवरचा चुन्याचा गिलावा ठिकठिकाणी सुटला आहे. जाळी मारून सिमेंटचा गिलावा केल्यास कायमचा टिकेल, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. (एक वाचक, सासष्टी)

उत्तर : कृपया हे करू नये. सिमेंटच्या अल्कलीमुळे त्यात बुडलेले लोखंड काही काळ सुरक्षित राहते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक झाला की ते संरक्षण राहत नाही, म्हणून चुन्यात लोखंडी जाळी घालण्यात अर्थ नाही. आणि सिमेंट चढवले तर जमिनीतून चिऱ्यात चढणाऱ्या ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होते. ती आतल्या बाजूला फुटते, आणि चिराच पोखरतो. म्हणून गिलावा काढून चिरा उघडा ठेवावा, असाही सल्ला कोणी देईल, पण तोही ऐकू नये. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकेचा गिलावा १९५० च्या दशकात उतरवला गेला, आणि तेव्हापासून तिचा चिरा पावसाने झिजतो आहे. आपल्या भिंतीवरचा फक्त सुटलेला भाग काढावा, चिरा ओला करावा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मुरवलेल्या चुन्याचे पातळ थर एकावर एक, प्रत्येक थर आवळू देऊन, चढवावेत. चुन्याचे काम येणारा गवंडी शोधायला महिना लागला तरी चालेल, भिंत तेवढे थांबेल.