डॉकिंगमध्ये कर्क्युमिनला उणे ७.४ स्कोअर आला. ते नॅनोकणांत भरले तर औषध होईल का?

आपण विचारले आहे की ऑटोडॉक व्हिना या डॉकिंगच्या, म्हणजे रेणू लक्ष्याला किती घट्ट धरेल याचा संगणकीय अंदाज देणाऱ्या, प्रोग्राममध्ये हळदीतील कर्क्युमिनला कोरोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएजवर (प्रथिने कापणाऱ्या विकरावर, म्हणजे एन्झाइमवर) उणे ७.४ किलोकॅलरी प्रति मोल स्कोअर मिळाला (जितका अधिक उणे, तितकी पकड घट्ट), ते पाण्यात विरघळत नाही म्हणून नॅनोकणांत, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांत, भरावे का, आणि एम.फार्म.चा प्रबंध तेवढ्यावर होईल का. प्रबंध होईल. औषध होणार नाही.

व्हिनाच्या कर्त्यांनीच आपल्या पद्धतीची प्रमाण त्रुटी सुमारे २.८५ किलोकॅलरी प्रति मोल सांगितली आहे. शरीराच्या तापमानाला दर १.४ किलोकॅलरीमागे रेणूची पकड दहापट बदलते, म्हणजे एवढ्या त्रुटीत शंभरपट फरक सहज लपतो. शिवाय बहुतेक जण या प्रोटिएजची जी ६एलयू७ ही त्रिमितीय रचना वापरतात, तिच्यातील मूळ रेणू १४५ क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी सहसंयुज (पक्क्या रासायनिक) बंधाने जोडलेला आहे, आणि नेहमीच्या डॉकिंगमध्ये असा बंध विचारात घेतलाच जात नाही.

पुण्यात एम.फार्म. करताना माझाही विषय नेमका हाच होता. ‘स्कोअर आलाय ना, मग शीर्षकात संभाव्य औषध असं लिहून टाक,’ असे मार्गदर्शकांनी सांगितले, तेव्हा विकरावर प्रत्यक्ष चाचणी झाल्याशिवाय मी ते शब्द लिहिणार नाही असे मी स्पष्ट सांगितले. विभागात त्यासाठी पैसे नव्हते. दुसऱ्या एका प्रयोगशाळेतील ओळखीच्या संशोधिकेने प्लेट रीडर (चाचणीतील प्रकाश मोजणारे यंत्र) वापरू दिला. पहिल्या फेरीत विकराचे काम छान थांबलेले दिसले आणि मार्गदर्शक खूश झाले. मला मात्र शंका होती, कारण कर्क्युमिन स्वतःच निळा प्रकाश शोषून चमकते आणि प्रतिदीप्तीवर, म्हणजे रेणूंच्या चमकण्यावर, आधारलेली चाचणी त्यामुळे फसू शकते. त्याशिवाय असे रेणू पाण्यात एकत्र येऊन सूक्ष्म गोळे बनवतात आणि त्या गोळ्यांच्या पृष्ठभागावर अनेक विकरे चिकटून निकामी होतात. म्हणून मी त्याच चाचणीत ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे गोळे फोडणारे डिटर्जंट घातले, आणि परिणाम जवळजवळ नाहीसा झाला, म्हणजे तो गोळ्यांचाच होता. तो आलेख मी प्रबंधात घातला. ‘उगाच स्वतःच्या कामावर पाणी ओतलंस,’ असे मला ऐकवण्यात आले. माझ्या मते त्या प्रबंधातील जपून ठेवण्याजोगे पान तेच होते.

आता नॅनोकणांविषयी. ते रेणूला मुक्कामी पोचवतात. जो रेणू लक्ष्याला धरतच नाही, त्याला धरायला शिकवत नाहीत. २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या नॅनोकणांतून दिल्या जाणाऱ्या आरएनए औषधामध्ये आरएनएचे काम आधीच पक्के माहीत होते, अडचण ते यकृताच्या पेशीत उतरवण्याची होती. त्याच्या कणांतील एमसी३ या लिपिडचा (मेदरेणूचा) पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू धनभारित असतात तो आकडा, सुमारे ६.४ आहे, त्यामुळे ते रक्तात जवळजवळ उदासीन राहते आणि पेशीच्या आतील आम्लधर्मी पिशवीत धनभारित होते. तो आकडा लिपिडे एकामागून एक तयार करून आणि उंदरांवर पारखून हाती आला. संगणकावर अशा कणांचे सिम्युलेशन होते, पण त्यातून अजून तरी परिणामाची आगाऊ खात्री मिळत नाही.

संगणक निरुपयोगी आहे असे मात्र कृपया समजू नका. झानामिव्हिर या फ्लूवरील औषधाच्या वेळी ग्रिड या प्रोग्रामने फ्लूच्या विषाणूच्या न्यूरामिनिडेज या विकराच्या पोकळीत धनभारित गटासाठी जागा दाखवली, तेथे ग्वानिडिन हा तसा गट बसवल्यावर पकड कितीतरी पटींनी वाढली आणि १९९९ मध्ये औषध बाजारात आले. ते आतड्यातून नीट शोषले जात नसल्याने तोंडाने श्वासावाटे आत ओढून घ्यावे लागते, पण पकड प्रयोगाने आधीच सिद्ध झाली होती, म्हणून पोचवण्याचा प्रश्न सोडवण्यात अर्थ होता. डॉकिंगचा खरा उपयोग हजारो रेणूंतून चाचणीसाठी थोडे निवडण्याचा आहे, आणि तुमच्याकडे तर एकच रेणू आहे.

तेव्हा नॅनोकणांचा खर्च तूर्त बाजूला ठेवा आणि त्या पैशात विकराची चाचणी डिटर्जंटसह व डिटर्जंटशिवाय करून घ्या. मार्गदर्शक ‘हे आपल्या कक्षेत येत नाही’ म्हणाले, तर शीर्षकातून ‘संभाव्य औषध’ हे शब्द काढण्याचा आग्रह धरा. या आग्रहामुळे माझे गुण कमी झाले, परंतु नोकरीच्या मुलाखतीत प्रश्न विचारले गेले ते त्याच आलेखावर.