सुट्टी लागण्याआधी: वसतिगृहाच्या नव्या प्रतिनिधीला पत्र

चि. प्रतिनिधीस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीआधी सत्र संपताना सगळ्यांचं लक्ष घरी जाणाऱ्यांकडे असतं. तू आधी मागे राहणाऱ्यांची यादी कर. कुणाचा बॅकलॉगचा पेपर राहिलेला असतो, कुणी सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत अर्धवेळ काम करतो, कुणाला गावी जाऊन-येऊन भाडं परवडत नाही. यादीत नाव, खोली आणि कोणत्या तारखेपर्यंत राहणार, एवढंच लिहून घे. कारणाचा रकाना ठेवू नकोस. चारचौघांत ‘घरी का नाही जात?’ असं विचारलं की मुलगा नाव द्यायचंच टाळतो आणि मग लक्ष्मीपूजनाच्या दिवशी उपाशी सापडतो.

उपाशी, कारण त्या दिवसांत मेस बंद असते आणि आसपासच्या खानावळीही बंद होतात. दोन-तीन खानावळवाल्यांना आठवडाभर आधीच भेट, कोण कधी बंद ते लिहून घे आणि कागद पाण्याच्या कूलरजवळ चिकटव. रेक्टरांची लेखी परवानगीही तेव्हाच घे. सुट्टीत बदली वॉचमन आला की तोंडी परवानगी त्याला ठाऊक नसते.

निरोपाचा फराळ शेवटच्या पेपरच्या दिवशी ठेवू नकोस. प्रत्येक विभागाचा शेवटचा पेपर वेगळा, तोवर निम्मं वसतिगृह बस स्टँडवर. ज्यांची परीक्षा सगळ्यात आधी संपते, त्यांच्या शेवटच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी तासभर पुरे. वर्गणी एकाकडेच जमा होऊ दे, आणि न दिलेल्यांची नावं फळ्यावर लावायची नाहीत.

लाडू-चकल्या विकत आणा, चिवडा मात्र स्वतः करा. नाशिकमध्ये राहून तळलेल्या कांद्याचा चिवडा येत नसेल तर काय उपयोग! चाळीस जणांना वाटी-वाटीभर द्यायला १ किलो पातळ पोहे, शेंगदाणे आणि डाळं प्रत्येकी २०० ग्रॅम, खोबऱ्याचे काप १०० ग्रॅम, अर्धा किलो कांदा, १५ मिरच्या, मूठभर कढीपत्ता. फोडणीला पाव लिटर तेल, कांदा तळायला वेगळं.

कांदा पातळ उभा चिरून दिवसभर गच्चीवर वाळव. तळताना पूर्ण लाल व्हायची वाट पाहू नकोस. बाहेर काढल्यावरही तो गडद होत राहतो आणि कडवट लागतो. पोह्यांना दुपारभर ऊन दे, मग मंद आचेवर थोडे थोडे भाज. पोहा चिमटीत चुरला की झालं. आच मोठी ठेवलीस तर ते आकसतात. कढीपत्ता आधी धुऊन कोरडा कर, त्यातला ओलावा सगळा चिवडा मऊ पाडतो. मीठ फोडणीत घातलं तर तेलात विरघळत नाही, तळाशी बसतं. ते साखरेबरोबर मिक्सरमधून काढून वरून भुरभुराव. सगळं दोन घाण्यांत कर, एकदम ढवळायला गेलास तर पोह्यांचा भुगा होईल. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नकोस. एक डबा मागे राहणाऱ्यांसाठी त्याच वेळी बाजूला काढ आणि रेक्टरांच्या कपाटात ठेव. मुलांच्या खोलीत ठेवलास तर तो त्या रात्रीच संपेल.

जाणाऱ्यांसाठी फार लिहीत नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ला उघडतं. २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे ७ तारखेचं तिकीट ८ सप्टेंबरलाच काढावं लागेल आणि तेव्हा परीक्षेचं वेळापत्रक बहुधा लागलेलं नसेल. पहिल्या वर्षाची मुलं इथेच फसतात. एसटीने जाणाऱ्यांना बस कुठून सुटते ते आधी विचारायला सांग. ठक्कर बाजार, जुनं सीबीएस आणि महामार्ग स्थानक या तीन बसस्थानकांत गोंधळ झाला की गाडी गेलीच.

निघताना प्रत्येकाने खोलीतला खाऊ, ओला टॉवेल आणि कचरा काढायचा. बिस्किटाचा एक उघडा पुडाही उंदरांना बोलावतो, आणि ते गादीत घर करतात. गादी उभी करून ठेवा, नळ आणि मुख्य स्विच बंद. व्हरांड्यातला आकाशकंदील मात्र तसाच राहू दे. त्याचा स्विच कुठल्या खोलीत आहे ते बघ आणि त्या खोलीची किल्ली राहणाऱ्यांपैकी एकाच्या हातात दे.

तुझा,
एक जुना रहिवासी